रीफ टँकमधली कीड आणि स्वयंपाकघरातले इलाज: या चुका टाळा

झुरळाचं औषध घरात मारलं की झुरळं मरतात आणि आपण खिडकी उघडून मोकळे होतो. रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, हे जमत नाही. एक तर खिडकी नाही. २०० लिटर पाण्यात जे ओतलं ते तिथेच फिरत राहतं. दुसरं म्हणजे, तिथली कीड आणि तुम्ही हौसेने पाळलेले जीव एकमेकांचे सख्खे भाऊबंद असतात. एप्टेशिया (फुलासारखा दिसणारा, दगडाला चिकटलेला समुद्री प्राणी) आणि कोरल (प्रवाळ) दोघेही दंशपेशीवाले. ॲक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलवरचा रेड बग हा बारीक किडा आणि तुमची लाडकी क्लीनर श्रिंप (कोळंबी) दोघेही कवचधारी. त्यामुळे ज्याने कीड हमखास मरते, त्याने बाकीचेही हमखास मरू शकतात. घरगुती इलाज बहुतेक वेळा फसतात ते इथेच. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य निदान टाकीपुरतं तरी विसरा.

एप्टेशिया खरवडणं

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. दगडावर दोन-तीन सेंटीमीटरचं, तपकिरी, काचेसारखं अर्धपारदर्शक फूल दिसतं. दिसायला नाजूक असतं, म्हणून कुणी ब्लेडने खरवडतं, कुणी चिमट्याने ओढतं, कुणी टूथब्रशने घासतं. ही जात रक्तबीजाची आहे. तळव्याचा कणभर तुकडा दगडावर राहिला तरी त्यातून नवं एप्टेशिया उभं राहतं, आणि ब्रशने उडालेले तुकडे प्रवाहाबरोबर टाकीभर जातात. महिन्याभराने एकाच्या जागी आठ-दहा दिसतात आणि मग माणूस चिडून आणखी जोराने घासतो.

लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा उकळतं पाणी सिरिंजने टोचणं हा त्यामानाने बरा इलाज, पण तो नीट जमणं अवघड. सुई लागताच एप्टेशिया झटकन बिळात ओढून घेतं, रस बाहेर सांडतो आणि जीव अर्धवट भाजून आत बसतो. आठवडाभराने तो पुन्हा फुलतो. एखाद-दुसऱ्याला टोचताना सांडलेल्या रसाने टाकीचं काही बिघडत नाही. वीस-पंचवीस जणांना एकाच संध्याकाळी टोचलं, तर पीएच खाली येतो. व्हिनेगर जास्त गेलं तर त्यावर जिवाणू भराभर वाढतात, पाणी दुधाळ होतं आणि रात्रीत ऑक्सिजन घसरतो. सकाळी मासे पृष्ठभागावर धापा टाकताना दिसले तर कारण हेच.

चुन्याची पेस्ट मात्र खरोखर काम करते. कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या संपृक्त द्रावणाचा पीएच १२.४ च्या आसपास असतो, त्यात एप्टेशिया जळून जातं. पण आपल्याकडे ‘चुना’ म्हटलं की लोक पानाच्या डबीकडे वळतात. त्या चुन्यात आणखी काय कालवलंय ते पानवाल्यालाच ठाऊक. रंगकामाच्या दुकानातली चुनकळी तर मुळीच नको. तो विरलेला चुना नसतो, पाणी पडताच उकळी फुटते आणि डोळ्यात शिंतोडा उडाला तर दृष्टीवर बेतू शकतं. रीफसाठी विकला जाणारा शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच घ्या आणि चष्मा लावून कालवा.

पद्धत अशी: आधी पाणी फिरवणारे वेव्हमेकर आणि रिटर्न पंप बंद. चमचाभर पावडर आरओच्या थोड्या पाण्यात कालवायची, सुईतून जेमतेम बाहेर येईल इतकी दाट. एप्टेशियाला टोचायचं नाही, त्याच्यावर सावलीही पडू द्यायची नाही. वरून, हळू, थेट तोंडावर पेस्टचा थेंब सोडायचा. ते त्याला अन्न समजून आत ओढतं. मग उरलेल्या पेस्टने बीळ झाकायचं. पंधरा-वीस मिनिटं काहीही चालू करायचं नाही, नाहीतर पांढरा ढग उडून शेजारच्या कोरलवर बसतो आणि तिथली त्वचा भाजते. एका वेळी तीन-चार, बस. घाईने सगळी टाकी लिंपली की पीएच उसळतो आणि विरघळलेलं कॅल्शियम पांढऱ्या भुकटीच्या रूपात खाली बसतं. पंपाच्या आत, हीटरवर, सगळीकडे.

कायमचा तोडगा हवा असेल तर खाणारा जीव आणा, पण ओळखून. पेपरमिंट श्रिंप अर्धपारदर्शक असते, अंगावर बारीक लाल रेघा. तिच्या नावाखाली बरेचदा कॅमल श्रिंप गळ्यात मारली जाते: पाठीला कुबड, मोठे डोळे, लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेघा. ती एप्टेशिया सोडून तुमचे झोॲन्थिड (बटणांसारखे कोरल) कुरतडते. बर्घिया नावाची समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशियाच खाते, म्हणून सगळ्यात निर्धोक. पण पेपरमिंट श्रिंप बर्घियालाच फस्त करते. दोन्ही एकदम आणणं म्हणजे पैसे पाण्यात.

पॅलिथोआ दगडासकट उकळणं

या चुकीची किंमत टाकीला नाही, माणसाला मोजावी लागते. कृपा करून हा भाग घाईने वाचू नका.

पॅलिथोआ म्हणजे तपकिरी किंवा हिरवट बटणांची चादर, कडेला आखूड झालर, अंगात वाळूचे कण. भराभर पसरतं म्हणून लोक त्याला कीड समजतात आणि दगड बाहेर काढून उकळतं पाणी ओततात, कुणी प्रेशर कुकरमध्ये घालतं, कुणी बेसिनमध्ये तारेच्या ब्रशने घासतं. या जीवांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन असतं. हवाईमधल्या पॅलिथोआतून १९७१ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं आणि आजही ते निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांत मोजलं जातं. पेशींच्या आवरणात सोडियम-पोटॅशियमची ने-आण करणारा जो पंप असतो, त्यालाच ते उघडं भोक बनवतं. उकळून ते नष्ट होत नाही. उलट वाफेबरोबर त्याचे सूक्ष्म थेंब हवेत येतात आणि घरातले सगळे ते श्वासातून घेतात.

मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या स्टीव्हंटन गावात घरच्या टाकीतलं कोरल साफ करताना हेच घडलं. कुटुंबासोबत मदतीला धावलेल्या अग्निशमन कर्मचाऱ्यांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. अलास्कामध्ये २०१२ ते २०१४ दरम्यान दुकानांत आणि घरांत झालेल्या अशाच घटनांवर अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०१५ मध्ये अहवाल काढला. लक्षणं साधी वाटतात: तोंडात कडवट किंवा धातूसारखी चव, खोकला, ताप, अंगदुखी, डोळ्यांची आग. फ्लू समजून माणूस झोपून राहतो. विशिष्ट उतारा उपलब्ध नाही, म्हणून त्या खोलीतून सगळ्यांनी बाहेर पडायचं, पाळीव प्राण्यांसकट, आणि डॉक्टरला ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द आवर्जून सांगायचा. तो शब्द सांगितला नाही तर कुणाच्या ध्यानात येणार नाही.

पॅलिथोआ नकोच असेल तर अख्खा दगड पाण्याखालीच पिशवीत घ्या आणि टाकीबाहेर काढा. जाड हातमोजे, डोळ्यांना गॉगल. हातावर जखम असेल तर दुसऱ्या दिवशी करा. टाकून द्यायचा असेल तर बाल्कनीत झाकणाच्या बादलीत एक भाग घरगुती ब्लीच, नऊ भाग पाणी करून निदान तासभर बुडवून ठेवा. त्यात व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

मोरचूद आणि तांबं

कोकणात सुपारीच्या बागेवर आणि नाशिककडे द्राक्षावर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारलेलं सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे मोरचूद (कॉपर सल्फेट) ‘ओळखीचं’ वाटतं. माशांच्या व्हाइट स्पॉटवर (पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर) तांबं चालतंही, वेगळ्या क्वारंटाइन टाकीत, लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतक्या मोजूनमापून. रीफ टाकीत त्याला जागा नाही. श्रिंप, खेकडे, गोगलगायी, कोरल यांपैकी कुणालाच ते सोसत नाही. त्याहून वाईट म्हणजे लाइव्ह रॉक (टाकीतले जिवाणू वसलेले दगड) आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडत राहतात. पाणी कितीही बदला, नवी श्रिंप का जगत नाही याचं उत्तर त्या दगडात असतं. तांब्याच्या तांब्याने टॉप-अपचं (उडालेल्या पाण्याच्या जागी भरायचं) पाणी ओतायची सवय असेल तर तीही सोडा.

केमिस्ट आणि गुरांचा डॉक्टर

परदेशी रेसिपी वाचून हायड्रोजन पेरॉक्साइड आणणाऱ्यांनी बाटलीवरची टक्केवारी आधी बघावी. तिकडचा हिशोब ३ टक्क्यांचा असतो, आपल्या केमिस्टकडे बरेचदा ६ टक्क्यांची बाटली मिळते. तेवढेच मिलिलिटर टाकले की मात्रा दुप्पट. सगळ्यात आधी क्लीनर श्रिंप आडवी पडते.

लाल सायनोवर, म्हणजे दगड-वाळूवर चढणाऱ्या लाल थरावर, एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या कुस्करून टाकल्या की थर विरतो खरा, पण सायनो हे जिवाणू आहेत, आणि अमोनिया पचवणारेही जिवाणूच. कुत्र्याच्या जंतावरचं मिल्बेमायसिन रेड बग मारतं, सोबत टाकीतले सगळे कोपेपॉड (सूक्ष्म कवचधारी), खेकडे आणि श्रिंपसुद्धा. गुरांचं लेव्हामिझोल लाल फ्लॅटवर्मवर (चपट्या जंतांवर) चालतं. घोळ पुढे असतो. हजारो फ्लॅटवर्म एकदम मेले की त्यांच्या अंगातलं विष पाण्यात येतं आणि मासे त्याने जातात. म्हणून औषधाआधी बारीक नळीने शोषून काढता येतील तेवढे काढायचे, हे दोन-तीन दिवस करायचं, आणि औषध टाकलं की तासाभरात ॲक्टिव्हेटेड कार्बन (औषध शोषणारा कोळसा) आणि पाणी बदल.

ॲक्रोपोरा खाणाऱ्या फ्लॅटवर्मवर बीटाडीन किंवा आयोडीनचा डिप (कोरल द्रावणात बुडवणं) देऊन निश्चिंत होणं हाही भ्रम. जंत गळतात, अंडी राहतात. ती फांदीच्या बुडाशी, त्वचा नसलेल्या पांढऱ्या सांगाड्यावर तपकिरी ठिपक्यांच्या पुंजक्यात असतात. बूड कापून टाका आणि काही आठवडे दर आठवड्याला डिप द्या.

ब्रिसल वर्मचं (केसाळ जंताचं) काय? बहुतेक वेळा काहीच नाही. तो कचरा खातो. त्याला पकडायला कोळंबी घालून ठेवलेली बाटली विसरलात तर ती कोळंबीच सडून अमोनिया वाढवेल.

ओतून झालंय, आता?

आधी हवा. एअर स्टोन लावा, वेव्हमेकर पृष्ठभागाकडे वळवा, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) पूर्ण चालू. मग ताजा कार्बन, आणि पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदल. खारटपणा आणि तापमान जुळवूनच. चुना जास्त गेला म्हणून व्हिनेगर आणि व्हिनेगर जास्त गेलं म्हणून चुना, हा खेळ करू नका. चुन्याने चढलेला पीएच हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आपोआप उतरतो, फक्त पाणी खळबळत ठेवा. दर काही तासांनी अमोनिया तपासा, कारण मेलेली कीड दिसत नाही, दगडाच्या आत सडते. तांबं गेलं असेल तर कार्बनच्या भरवशावर राहू नका, तांबं शोषणारं खास रेझिन लागतं, तेही बरेच दिवस.

आणि कुठलाही इलाज सुरू करण्यापूर्वी, अगदी एका एप्टेशियावर पेस्टचा थेंब सोडण्यापूर्वीसुद्धा, चाळीस-पन्नास लिटर समुद्री मिठाचं पाणी आदल्या दिवशी कालवून, पंप लावून तयार ठेवा. रात्री अकरा वाजता मासे धापा टाकायला लागले की आरओचं मशीन तासाला दहा-बारा लिटरच देतं.