जुन्या घरात अलार्म बसवताय? या चुका टाळा

कोकणातलं आमचं घर जांभ्याचं, भिंती दीड फुटी. चिरे फोडून वायर कोण घालणार, म्हणून सरसकट वायरलेस सेन्सर घेतले. ओटीवर सगळं चोख. मागच्या पडवीतला सेन्सर मात्र पॅनेलवरून, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीवरून, दिवसाआड गायब.

चूक माझीच. चाचणी पॅनेलशेजारी बसून केली होती. सेन्सर जिथे लागणार तिथेच धरून, सगळी दारं लावून बघायला हवं. खोक्यावरचं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. वायफायचा, म्हणजे बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झचा सेन्सर जाड भिंतीपुढे लवकर दमतो. ४३३ किंवा ८६५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा त्या मानाने बरा पोचतो. मध्ये पत्रा किंवा गोदरेजचं कपाट आलं, तर त्याचीही खात्री नाही.

दुसरी चूक मे महिन्यात केली: दाराचा सेन्सर कोरड्या लाकडावर मापून बसवला. याचे दोन तुकडे, सेन्सर आणि चुंबक; ते एकमेकांपासून लांब गेले की भोंगा वाजतो. जुलैत फणसाचं दार फुगलं आणि रात्री दोनला भोंगा! आई म्हणाली, "अडसर मी स्वतः लावलाय, तुझं यंत्रच खोटं बोलतंय." पट्टी लावून पाहिलं. चुंबक आणि सेन्सर यांच्यात दोन सेंटीमीटरची फट, आणि त्या सेन्सरला चालायची जेमतेम दीड. चुंबकाखाली लाकडाची चिप ठोकली, भागलं. लोखंडी ग्रिलवर तर चुंबक थेट चिकटवूच नका, त्याचा जोर लोखंडातच मुरतो. खाली प्लास्टिकचा तुकडा घाला.

वायरवाल्यांच्या चुका वेगळ्या. सेन्सरची वायर २३० व्होल्टच्या पाइपातून ओढू नका. त्यात धोकाही आहे. माळ्यावर उंदीर असतातच, तेव्हा वायर पीव्हीसी पाइपातून न्या. पिळून टेप मारलेला जोड दमट हवेत हिरवा पडतो, डाग द्या (सोल्डर करा). आणि लूपचा, म्हणजे पॅनेलपासून सेन्सरपर्यंत जाऊन परत येणाऱ्या वायरीचा, रेझिस्टर (ठराविक रोध देणारा छोटा भाग) शेवटच्या सेन्सरपाशी बसवायचा असतो. कारागीर सोय म्हणून तो पॅनेलमध्येच बसवतात, मग वाटेत कुणी वायर शॉर्ट केली, म्हणजे तिच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या, तरी पॅनेलला पत्ता नाही. तपासायला दार लावा, लूप पॅनेलवरून सोडवा आणि मल्टिमीटर धरा: रेझिस्टरचं माप दिसलं तर ठीक, शून्याजवळ असेल तर शॉर्ट किंवा रेझिस्टर पॅनेलमध्येच राहिलाय, काहीच नसेल तर वायर तुटली.

शेवटी मी पुढच्या-मागच्या दाराला वायर केली. भिंत फोडावी लागली नाही, वाशांच्या कडेने नेली. खिडक्यांना वायरलेस राहिले. माजघरातल्या हालचाल टिपणाऱ्या सेन्सरच्या भिंगावर अजून अधूनमधून पाल येऊन बसते. तिच्यावर इलाज सापडलेला नाही.