सोळाशेचं टायमिंग अडकलंय? सरावातल्या या चुका टाळा

पहाटे पाचच्या सुमारास आष्टी, गेवराई, गंगाखेड, औसा, कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर जा, पळणारी पोरं-पोरी दिसतातच. कुणी पोलीस भरतीच्या मागे, कुणी अग्निवीरच्या, एखाद-दुसऱ्याच्या डोक्यात राज्य स्पर्धा. मेहनतीला कुणीच कमी नाही. तरी तक्रार ठरलेली: "सर, लई दिवस झाले, सोळाशे मीटर पाच मिनिटं पस्तीस सेकंदांच्या खाली येईना." यातल्या बहुतेकांना मी पहिला प्रश्न विचारतो की आठवड्यातून किती वेळा जीव तोडून पळतोस? उत्तर येतं, "रोज."

रोज फुल सोळाशे मारणे

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. पाच-सव्वापाच मिनिटांच्या या धावेत लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण चार पंचमांश शरीर ऑक्सिजन वापरून तयार करतं. ती क्षमता वाढते आरामात केलेल्या लांब पळण्यातून. रोज घड्याळ लावून सोळाशे मारलं की पाय थकतात, दम तेवढाच राहतो आणि टायमिंग जागचं हलत नाही. स्नायूंची झीज भरून निघते ती झोपेत आणि हलक्या दिवशी. तो दिवसच दिला नाही, तर शरीराने सुधारायचं कधी?

आठवड्यात जोराचे दिवस दोनच ठेवा, एक दिवस लांब पळा, एक दिवस पूर्ण सुट्टी. बाकीचे दिवस इतक्या सावकाश पळा की सोबत्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. पोरांना हेच सगळ्यात अवघड जातं. मागून कुणी पुढे गेलं की लगेच पाय उचलतात. शिस्त बघायची तर ती इथे दिसते, उलटी होईपर्यंत पळण्यात नाही.

घाई करणाऱ्यांसाठी एक हिशोब. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 2018 मध्ये भुवनेश्वरला 3000 मीटर स्टीपलचेसचा (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) राष्ट्रीय विक्रम मोडला, वेळ 8:29.80. 2024 मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये तो 8:09.91 वर आला. वीस सेकंद कमी करायला त्याच्या दर्जाच्या खेळाडूला जवळपास सहा वर्षं लागली. शाळेला पायी जाणारा मुलगा ही त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, ही सहा वर्षं कुणी मोजत नाही. नवख्या पोराचं टायमिंग अर्थात याहून लवकर उतरतं, पण पंधरा दिवसांत नाही.

पहिल्या राऊंडला उधळणे

पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटरचे पूर्ण 20 गुण मिळवायला 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं. 400 मीटरच्या ट्रॅकवर चार राऊंड, म्हणजे राऊंडला साडेसत्त्याहत्तर सेकंद. प्रत्यक्षात गर्दीच्या धक्क्याने पोरं पहिला राऊंड 66-67 मध्ये काढतात आणि तिसऱ्यात बसतात. उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा 400 मीटरचे पाच-सहा राऊंड, प्रत्येक 77 सेकंदात, मध्ये दोन मिनिटं चालणं. पहिला राऊंड 72 मध्ये आला तर शाबासकी नको, तो चुकला असं समजा.

अंतर चुकीचं मोजणे

गावातल्या मैदानावर पाच मिनिटांत येणारा जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात पाच-पंचवीसला का येतो? बऱ्याचदा मैदानच कमी भरलेलं असतं. लहान गोल मैदानावर मोबाईलचं जीपीएसही फसवतं. टेप आणून एकदाच नीट मोजा. आणि ट्रॅकवर आतल्या लेनला चिकटून राहा. दुसऱ्या लेनमधून चार राऊंड मारले तर तीसेक मीटर जास्त पळणं होतं, म्हणजे सहा सेकंद गेले.

नडगीचं दुखणं अंगावर काढणे

डांबरी रस्ता, तळ झिजलेले बूट आणि एकदम वाढवलेलं अंतर, हे तिन्ही जुळले की नडगी धरते. दुखणं नडगीच्या आतल्या बाजूने पसरलेलं असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर अंतर निम्मं करा आणि जागा बदला. कॅनॉलच्या कडेचा मुरमाचा रस्ता उत्तम. काळ्या रानात मात्र नको. पावसाळ्यात बुटाला चिखलाचे गोळे आणि उन्हाळ्यात भेगा, पाय मुरगळायला एवढं पुरे. पण एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, रात्री ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाची बारीक चीर सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. "एक्स-रे क्लिअर आहे" म्हणून पुन्हा पळायला लागलेली पोरं पुढे महिनोन्महिने घरी बसतात.

शेतातलं काम न मोजणे

पुण्या-मुंबईच्या सराव तक्त्यांत हे नसतं. दिवसभर पाठीवर फवारणीचा पंप घेतला किंवा सोयाबीन काढलं, तर तो विश्रांतीचा दिवस धरता येत नाही. त्या संध्याकाळी जोराचा सराव नको. ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या पोरांचा सराव दिवाळीनंतर काही महिने तुटतो. परत आल्यावर सोडलं तिथून सुरू करू नका. निम्म्या अंतराने, सावकाश चालू करा आणि महिनाभर तरी जोर लावू नका. कष्टाने अंग कणखर झालेलं असतं, त्यामुळे दम लवकर येतो. पळण्याचे हादरे सोसायला हाडांना मात्र वेळ लागतो.

ऊन, पोट आणि इंजेक्शन

एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा बेचाळिशीच्या पुढे जातो. उन्हात पळून "सवय" करायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात, तेही थोडं थोडं वाढवत. घाम काढायला प्लास्टिकचं जॅकेट घालून पळणं तर मूर्खपणा आहे. चरबी जात नाही, पाणी जातं. पळताना कुणी असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला तर लगेच सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, दवाखाना गाठा.

खाण्याचं सोपं आहे आणि घरात आहे: ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध, जमलं तर अंडी. सकाळी पळून आल्यावर नुसता चहा-खारी नको. मुलींनी थकवा सारखा राहत असेल तर हिमोग्लोबिन तपासावं. सरावाने पाळी बंद झाली, तर खाणं कमी पडतंय असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

"ताकदीचं इंजेक्शन" देणाऱ्यापासून लांब राहा, मग तो ओळखीचा का असेना. डोप चाचणीत सापडल्यावर "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही.

शेवटचे चार दिवस

ग्राऊंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या आधीच्या या दिवसांत टायमिंग सुधारत नाही, बिघडू मात्र शकतं. फुल सोळाशे बंद, नवे बूट बंद. ग्राऊंड दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर आदल्या दुपारीच पोचा आणि झोपायची सोय आधी बघून ठेवा. स्टँडवर रात्र काढून सकाळी पळणाऱ्याचं वर्षभराचं काम तिथेच वाया जातं. रांगेत तास-दोन तास बसवून ठेवतात, तोपर्यंत आधी केलेला वॉर्मअप थंड होतो. म्हणून तुमच्या आधीची बॅच सुटली की उठा, जागेवरच पाय हलवा, आणि बाटलीतल्या पाण्याचा एखादाच घोट घ्या.