हिवाळ्यात उत्तरेची ट्रिप: डोकं आंबवणाऱ्या या चुका टाळा

लासलगाव-पिंपळगावहून कांदा भरून दिल्लीच्या आझादपूर मंडीला निघालेली गाडी धुळे, सेंधवा, इंदूर, शिवपुरी करत ग्वाल्हेरपर्यंत बहुतेक वेळा बिनघोर जाते. पुढे मुरैना, धोलपूर, आग्रा. डिसेंबर-जानेवारीत या पट्ट्यात पहाटेचं धुकं कधी कधी असं दाटतं की पुढच्या गाडीचा मागचा दिवासुद्धा दिसत नाही. त्यासाठी लोक फॉग लाइट बसवतात, वायपर बदलतात, मागे रेडियमच्या पट्ट्या मारतात. स्टिअरिंगमागच्या माणसाची तयारी मात्र कोणी विचारत नाही. मग चौथ्या-पाचव्या दिवशी क्लिनरवर विनाकारण खेकसणं सुरू होतं, घरचा फोन नकोसा होतो, ताट समोर आलं तरी घास जात नाही. थंडीचा आळस म्हणून ते सोडून दिलं जातं. थंडीचा त्यात वाटा असतो, पण बराचसा त्रास आपल्याच सवयींतून येतो.

धुक्याचा वेळ हिशेबात न धरणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती बऱ्याचदा गाडी भरतानाच होते. उन्हाळ्यात जेवढ्या वेळात गाडी पोचते, तेवढाच वेळ जानेवारीतही कबूल केला जातो. मग पहाटे चारला धोलपूरजवळ गाडी रांगायला लागली की एकेक तास छातीवर बसतो. तिकडून ऑफिसचा फोन: "कुठं पोचलास? व्यापारी बोंबलतोय." माणूस धुक्याला घाबरलेला असतो आणि फोनलाही. दोन्ही भीती एकदम डोक्यात घेऊन पाय एक्सिलेटरवर पडतो.

निघतानाच स्पष्ट बोला: "शेठ, आग्र्याच्या अलीकडे धुकं लागलं तर थांबणार. अर्धा दिवस जास्त धरा." थांबल्यावर फोनची वाट बघू नका, स्वतःच कळवा. धुक्याचा एक फोटो आणि सोबत एवढंच: "मुरैनाला ढाब्यावर लावलीय. नऊ-साडेनऊला धुकं उठलं की निघतो." इतकं केलं तरी निम्मे फोन बंद होतात. गाडी मात्र ढाब्यावर किंवा पंपावरच आत घ्या. धुक्यात रस्त्याच्या कडेला उभी केलेली गाडी मागच्याला दिसत नाही, आणि हे माहीत असलेल्या माणसाला तिथे झोपही लागत नाही.

गाडीमालक वाचत असतील तर त्यांच्यासाठी: मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा, २०२५मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. साधारणपणे दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे त्या जुन्या कायद्यात लिहिलेलं होतं. रस्त्यावर ते किती पाळलं गेलं हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही रात्री तीनला "कुठं पोचलास" विचारण्याआधी ते आठवायला हरकत नाही.

झोप चहावर ढकलणं

रात्री दोन ते पहाटे पाच शरीर सगळ्यात मंद असतं. त्या वेळी घेतलेल्या कडक चहातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनंतरही अंगात उरतं. म्हणजे तीनचा चहा आठची झोप खातो. डोळा लागतो, पण कच्चा. दुसऱ्या दिवशीची चिडचिड तिथूनच येते. चहा घ्यायचाच असेल तर पिऊन लगेच वीस मिनिटं आडवे व्हा. चहाचा असर चढेपर्यंत डुलकी पूर्ण होते. उठल्यावर तोंडावर पाणी मारा, गाडीभोवती एक चक्कर मारा, मगच चावी फिरवा.

सर्दीच्या गोळ्यांकडे कोणाचं लक्ष नसतं. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि दिवसभर डोकं बधिर राहतं. मेडिकलवाल्याला सांगून टाका, "मी गाडी चालवतो, झोप न आणणारी द्या." जागं राहायला रस्त्यावर जे काही मिळतं, गोळ्या असोत की डोडा (अफूच्या बोंडांचा चुरा), त्याला हात लावू नका.

काचा बंद करून केबिनमध्ये शेगडी पेटवणं

ही चूक जिवावर बेतते. कोळशाची शेगडी किंवा गॅसची छोटी चूल बंद केबिनमध्ये जळत राहिली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, काही सुचेनासं होतं. माणसाला वाटतं दगदग झाली, टेन्शन आलं, जरा पडू या. आणि पडलेला उठत नाही. असं वाटलं तर पडायचं नाही. दार उघडून मोकळ्या हवेत या, क्लिनरलाही ओढून बाहेर काढा. कोणी शुद्धीवर नसेल तर ११२ लावा. इंजिन चालू ठेवून झोपण्यातही हाच धोका आहे, सायलेन्सर फुटका असेल तर जास्तच. उबेसाठी दोन गोधड्या, कानटोपी, पायात दुहेरी मोजे, आणि काच बोटभर उघडी.

दारूचंही तसंच. एका पेगने कातडीला ऊब लागते, पण अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. झोप मोडते आणि सकाळी मन आणखी खाली बसतं. शिवाय १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा.

दिवस केबिनमध्येच घालवणं

परदेशातले हिवाळी उदासीचे लेख वाचून कोणी खास दिवे विकत घ्यायला सांगतं. आपल्याला त्याची गरज नाही. डिसेंबर अखेरीस दिल्लीत दिवस सव्वादहा तासांच्या आसपास असतो, नाशकात अकरा. ऊन आहे, फक्त रात्री चालवून दिवसा पडदे ओढून झोपणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही. सकाळचा उजेड डोळ्यांपर्यंत गेला की झोपेचं घड्याळ जागेवर राहतं. टायर ठोकून बघणं, ताडपत्रीचे दोर आवळणं, जेवण, ही कामं अर्धा तास उन्हात करा.

रील बघणं, पण बोलणं नाही

थांबलेल्या गाडीत तीन तास मोबाइल चाळून मन हलकं होत नाही. ढाब्यावर एमएच १५ किंवा एमएच ४१ची पाटी दिसली तर त्याच्या खाटेवर जाऊन बसा. मराठीत चार शिव्या धुक्याला घातल्या तरी बरं वाटतं. घरी फोनची एक वेळ ठरवा, आणि पैशाचा विषय नसतानाही लावा. बायको-पोरांना फोन म्हणजे काहीतरी बिघडलं, असं वाटता कामा नये.

एवढं करूनही दोन आठवडे उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ला तो सुरू केला. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. गाडी बाजूला लावून मगच फोन करा. "गाडी कुठेतरी घालून टाकावी" असा विचार मनात आला तर त्या क्षणी स्टिअरिंग सोडायचं, चावी क्लिनरकडे किंवा ढाबेवाल्याकडे द्यायची आणि कोणाला तरी सोबत बसवून फोन लावायचा. फोन केल्याने लायसन्स जात नाही. शेठला सांगायचं तर "तब्येत बरी नाही, दुसरा ड्रायव्हर पाठवा" एवढं पुरेसं आहे, आणि ते खोटंही नाही.