सहावी-सातवीतलं हुशार पोरगं वर्गात कंटाळतंय? मग हे करून बघा

मी सहावी ते आठवीला गणित शिकवते. आधी एक गोष्ट डोक्यात घ्या, पहिला नंबर म्हणजेच हुशार असं नसतं, खरं तल्लख पोरगं बऱ्याचदा मागच्या बाकावर वहीच्या शेवटच्या पानावर चित्रं काढत बसलेलं असतं कारण फळ्यावरचं त्याला कधीच कळलेलं असतं. म्हणून मार्क नका बघू, ते काय विचारतं ते बघा.

पहिली स्टेप. धडा सुरू करायच्या आधीच त्यातली सगळ्यात अवघड ५ गणितं सोडवायला द्या. ४ बरोबर आली तर त्या धड्याचा गृहपाठ माफ, आणि माफ म्हणजे खरंच माफ. इथेच चुकतं सगळ्यांचं, मी पण कित्येक वर्षं हेच करायचे, लवकर झालं का, मग घे अजून १० गणितं! पोरांना ती शिक्षाच वाटते, आणि मग ती मुद्दाम हळू करायला लागतात.

दुसरी स्टेप, वाचलेल्या वेळात एकच प्रश्न पण खोल. सातवीतल्या एका मुलीला विचारलं, १/८ केलं तर ०.१२५ वर थांबतं, मग १/७ का थांबत नाही? ती भागाकार करत बसली, ०.१४२८५७ आणि परत १४२८५७. मग २/७ केलं तर ०.२८५७१४, आणि ओरडलीच, "बाई, तेच आकडे आहेत, फक्त गोल फिरलेत!" उत्तर सांगायचा फार मोह होतो, पण सांगू नका. मी एवढंच म्हटलं की प्रत्येक वेळी बाकी किती उरते ते बाजूला लिही. तिसऱ्या दिवशी तिनेच येऊन सांगितलं, बाकी १ ते ६ मधलीच उरणार ना, मग कधीतरी जुनी बाकी परत येणारच आणि तिथून सगळं पुन्हा तसंच सुरू.

तिसरी, त्याला अडू द्या. आठवड्यातून एक तरी गणित असं द्या जे त्याला पटकन येणार नाही, नाहीतर नववीत पहिल्यांदा अडतं आणि पार खचतं. घरी "तू हुशार ना, तुला यायलाच पाहिजे" हे वाक्य बंद करा प्लीज. आणि त्याला रोज कच्च्या मुलांना शिकवायला बसवू नका, ते काम आपलं आहे.

स्पर्धा परीक्षा एखादीच, त्याला आवडली तर. विज्ञानाची ओढ असेल तर सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा आहे, त्यात प्रयोग आणि प्रकल्प पण असतात. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी, झेडपीच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा सोडूच नका, पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. फॉर्म शाळेकडूनच भरला जातो, म्हणून आठवी सुरू झाली की लगेच हेडसरांना जाऊन विचारा.