चित्रकलेतून धाग्याकडे येणाऱ्यांसाठी

चित्रकलेचा डिप्लोमा करून मी धाग्याकडे वळले. आता जी मुलं भेटायला येतात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: धाग्यातून केलेल्या कामाला चित्र म्हणायचं की शिल्प? मी विचारते, काम टांगणार कशावर? कापडाला वजन असतं आणि त्याचा आकार बऱ्याच अंशी तेच ठरवतं.

शिल्पकार मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांचं काम नीट बघा. शिक्षण बडोद्याला चित्रकलेचं, मग चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली भित्तिचित्र. पुढे त्यांनी दोर हाती घेतला. कागदावर आराखडा न काढता, गाठीवर गाठ मारत त्या माणसाहून उंच आकृत्या घडवत. 'यक्षी' (१९८४) त्यातलीच. काही कामांच्या आत लोखंडी सांगाडा आहे. पण घड्या, ओठ, पोकळ्या हे सगळं दोराच्या ताणातून आलेलं.

मुंबईच्या विणकर-कलाकार मोनिका कोरिया मात्र मागावरच राहिल्या. विणता विणता त्या मध्येच फणी काढून टाकतात. ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे धागे सरळ आणि एकसारख्या अंतरावर धरून ठेवायचं काम फणीचं. ती निघाली की उभे धागे तिरके सरकतात, कुठे गोळा होतात, कुठे विरळ. चित्रकाराला ती रेष वाटते. विणकराला कळतं, ताणा मोकळा सोडलाय. हे बारकावे फोटोत दिसत नाहीत, काम प्रत्यक्ष बघायला जा, बाजूनेही बघा.

म्हणून आधी साधं विणकाम शिका, कंटाळा येईपर्यंत. फणी कधी काढायची हे ती वापरल्याशिवाय समजत नाही. (कॉलेजात हे फारसं कुणी सांगत नाही, तिथे संकल्पनेवर भर.) दोर किलोवर घ्या आणि पुरेसा एकदमच घ्या, पुढच्या खेपेला तोच पीळ, तोच रंग मिळेलच असं नाही. दोर तागाचा असेल तर त्याचं बारीक तूस नाकात जातं, तेव्हा मास्क लावा. पावसाळ्यात ताग ओलावा धरतो, जड होतो. काम देण्याआधी काही आठवडे टांगून ठेवा, किती ओघळतं ते कळेल.

पैशांचं सांगायचं तर गॅलरीपेक्षा वास्तुविशारदांकडून कामं आधी मिळतात. ते हमखास चौरस फुटाचा भाव विचारतात. तो देऊ नका. जाडी आणि पोकळी त्यात धरलीच जात नाही. मी साहित्य, हाताचे तास आणि टांगणीचा खर्च वेगवेगळा लिहून देते.