नवीन आलायत? मग आधी राजमा-चणे नीट शिजवायला शिका

दरवर्षी बघतो, भारतातून इथे परदेशात नवीन आलेली मुलं भूक लागली की चिप्स, बिस्किटं नाहीतर मशीनमधलं काहीतरी घेऊन खातात आणि महिनाअखेरीला खर्च बघून डोक्याला हात लावतात. अरे, राजमा, चणे, मूग, अख्खा गहू, ओट्स घरात भरून ठेवा ना, मधल्या वेळचं खाणं स्वस्तात होतं आणि पोटही भरतं.

कडधान्य रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला, चणे फुगून दुपटीच्या वर जातात. सकाळी ते पाणी फेकून नवीन पाण्यात शिजवा, गॅसेसचा त्रास कमी होतो. भिजवायचं विसरलात तर (राजमा सोडून, त्याचं खाली सांगतो) 2 मिनिटं उकळून, झाकून तासभर ठेवा. टोमॅटो, लिंबू शिजल्यावरच टाका, आंबट आधी पडलं की दाणे लवकर मऊच होत नाहीत.

आता महत्त्वाचं. आपल्या लोकांना इथे आल्यावर स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) घ्यायची भारी हौस, आणि त्यात कच्चा राजमा टाकून ऑफिसला जातात. असं अजिबात करू नका!! लाल राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं, नीट न शिजलेले 4-5 दाणेसुद्धा पुरतात, 1 ते 3 तासांत उलट्या आणि मग जुलाब. स्लो कुकर तेवढा तापत नाही, उलट अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त घातक ठरू शकतो. आमच्या ओळखीतली दोन पोरं अशीच इमर्जन्सीत पोचली, आणि नव्या माणसाला इथलं हॉस्पिटलचं बिल म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून किमान 5 तास भिजवा, पाणी बदला आणि 30 मिनिटं चांगला खळखळ उकळा, मग पुढे काय ते करा. प्रेशर कुकर असेल तर प्रश्नच नाही, पैसे खर्च करायचेच तर त्याच्यावर करा.

कुरकुरीत हवं असेल तर शिजलेले चणे फडक्यावर पसरून अगदी कोरडे करा, साल सुटली तर सुटू द्या. थोडं तेल चोळून 200 डिग्री सेल्सिअसला 30-40 मिनिटं ओव्हनमध्ये, मधे एकदा हलवायचे. तिखट बाहेर काढल्यावर टाका, आधी टाकलं की जळून कडू लागतं. ओले राहिले तर बाहेरून कडक आणि आतून पिठूळ होतात.

गहूही रात्रभर भिजवून शिजवा, निथळून चण्यात मिसळा. शिजलेलं धान्य ओट्यावर रात्रभर ठेवू नका, 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. तिथे 3-4 दिवस राहतं, बाकीचं पिशवीत चपटं पसरून फ्रीझरमध्ये टाका, हवं तेवढं मोडून घेता येतं. मक्याचे दाणे आणून घरी पॉपकॉर्न करा, तेही अख्खं धान्यच आहे.

दुकानातल्या सीलबंद डब्यातले चणे शिजलेलेच असतात, अडीअडचणीला ठीक, फक्त मीठ जास्त असतं म्हणून धुऊन घ्या. आणि पाकिटावर मल्टिग्रेन लिहिलंय म्हणून भाळू नका, त्यात मैदाही असतो, मागची यादी वाचा आणि पहिलंच नाव अख्ख्या धान्याचं असेल तरच घ्या.