झ्यूसचा गोळा पडला, पण पैसे कुठे गेले? ‘गेट्स ऑफ ऑलिम्पस’ खेळताना या चुका टाळा

टोटल मल्टिप्लायर, म्हणजे साठत गेलेला गुणक, ४० वर गेलेला असतो. रत्नं फुटतात, आवाज होतो आणि बॅलन्समध्ये जमा होतात फक्त बेटच्या (लावलेल्या रकमेच्या) दुप्पट पैसे. बाकीचे गेले कुठे? ‘गेट्स ऑफ ऑलिम्पस’ खेळणारा माणूस कधी ना कधी इथे अडकतो आणि गेम बिघडलाय असं ठरवून मोकळा होतो. बहुतेक वेळा गेम ठीक असतो, फक्त नियमांचं पान त्याने उघडलेलं नसतं.

प्रॅग्मॅटिक प्ले या कंपनीने हा स्लॉट, म्हणजे बटण दाबून चिन्हं फिरवायचा जुगाराचा खेळ, २०२१ साली आणला. ६ उभे स्तंभ, ५ आडव्या ओळी, उजवीकडे हवेत तरंगणारा दाढीवाला झ्यूस. मुकुट, वाळूचं घड्याळ, अंगठी, पेला आणि पाच रंगांची रत्नं ही पैसे देणारी चिन्हं. ग्रीक पुराणकथेत झ्यूस, पोसायडन आणि हेडीझ या तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकून जग वाटून घेतलं आणि झ्यूसच्या वाट्याला आकाश आलं. म्हणजे आकाशाचं राज्य त्याला नशिबाच्या सोडतीतच लागलं होतं. स्लॉटवर बसवायला याहून योग्य देव कुठला मिळणार!

पुढे जाण्याआधी कायद्याचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्यासाठी त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. त्यामुळे पुणे-मुंबई-पणजीत बसून हा स्लॉट बघायचा असेल तर खोट्या पैशांच्या डेमोतच बघायचा. पैशांचे हिशेब खाली येतील ते ब्रिटनसारख्या, जिथे याला परवाना आहे अशा देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांच्या कामाचे. चिन्हांचे आणि गोळ्यांचे नियम मात्र दोन्हीकडे तेच.

लाईन शोधत बसणं

मांडवीतल्या कसिनोच्या बोटीवर जुन्या पद्धतीचं यंत्र खेळलेला माणूस इथेही डावीकडून उजवीकडे सारख्या चिन्हांची लाईन शोधतो. इथे लाईनच नाही. एकच चिन्ह पडद्यावर कुठेही ८ किंवा जास्त वेळा आलं की पैसे. ७ आले, अगदी शेजारी-शेजारी आले, तरी शून्य. जिंकलेली चिन्हं गळून पडतात, वरून नवी येतात, पुन्हा मोजणी होते. जोवर नवी जुळणी होते तोवर हे चालू राहतं, आणि हे सगळं एकाच स्पिनच्या, म्हणजे एकदा बटण दाबण्याच्या पैशात.

गुणकाचा हिशेब

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

झ्यूस मधूनच पंखांचे रंगीत गोळे टाकतो. त्यांवर २ पासून ५०० पर्यंत आकडा असतो. साध्या खेळात नियम असा की चिन्हं गळून पडण्याची पूर्ण साखळी संपली की पडद्यावरच्या सगळ्या गोळ्यांची बेरीज होते आणि त्या बेरजेने त्या साखळीतली कमाई गुणली जाते. बेरीज होते, गुणाकार नाही. १० आणि ५ असे दोन गोळे आले तर गुणक १५, ५० नव्हे. आणि साखळीत काहीच जिंकलं नसेल तर ५०० चा गोळासुद्धा वाया. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. तो गोळा पुढच्या स्पिनसाठी राखून ठेवला जात नाही.

फ्री स्पिनमध्ये, म्हणजे फुकट मिळणाऱ्या स्पिनच्या फेरीत (ती कशी लागते ते पुढे), नियम बदलतो. तिथे जिंकलेल्या स्पिनमध्ये आलेले गोळे एका टोटल मल्टिप्लायरमध्ये साठत जातात आणि तो आकडा फेरी संपेपर्यंत टिकतो. इथवर सगळ्यांना कळतं. निसटतं ते पुढचं वाक्य: साठलेला गुणक प्रत्येक कमाईला लागत नाही. त्या स्पिनमध्ये नवा गोळा पडायला हवा आणि ती स्पिन जिंकायलाही हवी. दोन्ही जमलं तरच.

समजा टोटल ४० आहे आणि बेट १ रुपया. एका स्पिनमध्ये २ रुपये जिंकले, गोळा आला नाही. मिळाले २ रुपये, बस. पुढच्या स्पिनमध्ये पुन्हा २ रुपये जिंकले आणि सोबत ५ चा गोळा आला. टोटल झाला ४५ आणि मिळाले ९० रुपये. त्याच्या पुढच्या स्पिनमध्ये १०० चा गोळा आला, पण एकही चिन्ह ८ वेळा जमलं नाही. हातात काही नाही, आणि तो १०० टोटलमध्येही धरला जात नाही. सुरुवातीला सांगितलेलं ‘बाकीचे गेले कुठे’ या तीन ओळींत सुटतं.

कमाईला छतही आहे: बेटच्या ५,००० पट. फ्री स्पिनमध्ये तिथवर पोचलात तर फेरी तिथेच थांबते, उरलेल्या स्पिन जातात. ही अडचण तुमच्यावर यायची शक्यता फार कमी, तेव्हा पुढे जाऊ.

तीन झ्यूस आणि धडधड

फ्री स्पिनसाठी झ्यूसचं स्कॅटर नावाचं खास चिन्ह किमान ४ वेळा यायला हवं. मग १५ स्पिन मिळतात. तीनवर काहीही नाही. पण एकदा का तुम्ही फ्री स्पिनच्या आत गेलात की ३ स्कॅटरवर आणखी ५ स्पिन मिळतात. ‘मागच्या वेळी तर तीनवर मिळाल्या होत्या!’ हा वाद इथून येतो. पुन्हा ‘बुक ऑफ डेड’सारख्या इजिप्तच्या धाटणीच्या स्लॉटमध्ये ३ वरच फ्री स्पिन सुरू होतात, त्यामुळे तिकडून आलेल्याचं डोकं आणखी चक्रावतं. तीन आले आणि चौथ्यासाठी संगीत चढत गेलं, तर ‘थोडक्यात हुकलं’ असं वाटतं. हिशेबात मात्र तीन आणि एक यांत काडीचा फरक नाही.

तोच सांगाडा आणि नवा देव ही या धंद्यातली नेहमीची पद्धत. प्रॅग्मॅटिक प्लेचाच ‘गेट्स ऑफ गॅटोट काचा’ नावाचा स्लॉट आहे. हा गॅटोट काचा म्हणजे आपला घटोत्कच, जावातल्या छायानाट्यांतून गेलेला. हिडिंबेच्या पोराला कुठे नेऊन बसवलंय बघा. चेहरा बदलला तरी गळती-गोळ्यांचा खेळ तोच. उलट ‘गेट्स ऑफ ऑलिम्पस १०००’मध्ये चेहरा तोच, पण गोळे १,००० पर्यंत आणि छत १५,००० पट. तेव्हा नाव पूर्ण वाचा, चित्रावर जाऊ नका.

सव्वा रुपयाची चूक

डावीकडे अँटी बेटचं बटण असतं. ते चालू केलं की बेट २५ टक्के वाढते आणि फ्री स्पिन लागण्याची शक्यता दुप्पट होते. ‘पाव भाग जास्त देऊन दुप्पट शक्यता, सौदा बरा आहे,’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण चिन्हांचे पैसे मूळ १ रुपयावरच मोजले जातात, सव्वा रुपयावर नाही. ८ निळी रत्नं आली तर आधीही २५ पैसे, आताही २५ पैसेच. म्हणजे फ्री स्पिनच्या दारात जास्त वेळा जाता, पण दारापर्यंतचा रस्ता महाग होतो. एकूण परताव्याची (लावलेल्या पैशांतला सरासरी परत येणारा भाग) टक्केवारी जिथल्या तिथे. बटण वाईट नाही. ते चालू आहे हे विसरून पाचशे स्पिन मारणं वाईट.

याच बटणामुळे आणखी एक तक्रार येते: ‘फ्री स्पिन विकत घ्यायचं बटण गायब झालं.’ अँटी बेट बंद करा, परत येईल. ब्रिटनमधल्या परवानाधारक साइटवर असाल तर येणार नाही, कारण तिथे बोनस, म्हणजे ही फ्री स्पिनची फेरी, विकत घ्यायची सोयच ठेवू देत नाहीत.

विकत घेण्याची किंमत बेटच्या १०० पट. इथे लोक मनाशी धरतात की १०० दिले म्हणजे निदान १०० च्या आसपास येतीलच. सरासरी खरंच ९६-९७ पर्यंत असू शकते, पण सरासरी फसवी. दहा जणांनी प्रत्येकी १०० रुपयांना बोनस घेतला, नऊ जणांना ५० रुपये मिळाले आणि एकाला ५१५, तरी सरासरी साडेशहाण्णवच येते. हे उदाहरण माझं, पण या गेमचा स्वभाव असाच आहे: बऱ्याच फेऱ्या कोरड्या आणि अधूनमधून एखादी भरभरून. नऊ जणांपैकी कुणी स्क्रीनशॉट काढून पाठवत नाही. दहाव्याचा मात्र सगळ्या ग्रुपवर फिरतो.

टक्केवारी न बघता बसणं

या गेमच्या एकापेक्षा जास्त आवृत्त्या आहेत आणि कुठली लावायची हे साइट ठरवते. परतावा कुठे ९६.५० टक्के, कुठे ९५.५१, कुठे ९४.५०. पडद्यावर तिन्ही हुबेहूब. कळण्याची जागा एकच, गेमच्या आतलं माहितीचं पान. ते शेवटपर्यंत खाली सरकवा, आकडा तिथे मिळतो.

९६.५ आणि ९४.५ यांत दोनच टक्क्यांचं अंतर, असं म्हणून सोडू नका. कंपनीचा वाटा साडेतीनवरून साडेपाचवर जातो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून दोन स्पिनमध्ये किमान अडीच सेकंदांचं अंतर सक्तीचं आहे, म्हणजे तासाला जास्तीत जास्त १,४४० स्पिन. गळतीत वेळ जातो म्हणून प्रत्यक्षात कमीच होतात, पण हिशेबापुरतं हे धरू. एका पौंडाच्या बेटवर तासाला सरासरी ५० पौंड जातात; दुसऱ्या आवृत्तीत ७९. तिथे एप्रिल २०२५ पासून एका स्पिनवर ५ पौंडांची कमाल मर्यादा आहे, आणि मे २०२५ पासून १८ ते २४ वयाच्या लोकांना २ पौंडांची.

रुपया टाकून चार आणे, आणि वर टाळ्या

८ निळी रत्नं फुटली, ठिणग्या उडाल्या, नाणी खणखणली. मिळालं काय? रुपयातले चार आणे. बारा आणे गेले, आणि आपण खूश! ब्रिटनच्या नियामकाने बेटइतक्या किंवा त्याहून कमी कमाईवर असा जल्लोष करायला बंदी घातली, ती याचसाठी. इतर ठिकाणी तुम्हीच आवाज बंद करा आणि फक्त बॅलन्सचा आकडा बघत दहा मिनिटं खेळा. डेमोत करून बघितलं तेव्हा मला हा वेगळाच गेम वाटला, बराचसा कंटाळवाणा.

‘दोनशे स्पिन झाल्या, आता बोनस देणारच’ हे मटक्याच्या वहीतलं गणित. आकडा लावणारे मागच्या महिन्याचे ओपन-क्लोज लिहून त्यातून उद्याचा आकडा काढायचे. स्लॉटची प्रत्येक स्पिन नव्याने ठरते, मागचं तिला आठवत नाही. हरल्यावर बेट दुप्पट करत वसुली करायची युक्ती तर इथे मुळातच बसत नाही: १ रुपयापासून दुप्पट करत गेलात तर दहा स्पिनमध्ये १,०२३ रुपये लागतात, आणि अकरावी ‘जिंकली’ तरी ती रुपयामागे चार आण्यांचीच असू शकते.

टेलिग्रामवर ‘झ्यूस कधी देणार’ याचे सिग्नल विकणारे आणि एपीके (ॲपची फाइल) पाठवणारे, दोघांपासूनही दूर राहा. निकाल कंपनीच्या सर्व्हरवर ठरतो, तुमच्या फोनवरच्या ॲपला तो आधी कळायचा काही मार्ग नाही. अशा कुणाच्या यूपीआयवर पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पैसा कुठे गेला याहून ‘थांबताच येत नाही’ ही अडचण असेल, तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

नेट गेलं, फ्री स्पिन गेल्या?

सातव्या फ्री स्पिनला लोकल बोगद्यात शिरली आणि पडदा गोठला, तर ॲप काढून टाकू नका आणि बटण दाबत सुटू नका. बटण दाबलं त्या क्षणी त्या स्पिनचा निकाल सर्व्हरवर ठरलेला असतो. त्याच खात्यातून तोच गेम पुन्हा उघडा. फेरी राहिली तिथून सुरू होते, किंवा संपलेली असेल तर कमाई जमा झालेली दिसते. डेमोत मात्र पान रिफ्रेश केलं की सगळं नव्याने सुरू होतं, तिथे हरवलेल्या स्पिन शोधू नका.

तरीही रक्कम जुळत नसेल तर गेममधली हिस्ट्री उघडा. प्रत्येक फेरीला क्रमांक असतो, सोबत वेळ, बेट आणि मिळालेली रक्कम. आधी वरच्या नियमाने गोळ्यांची बेरीज स्वतः करून बघा; बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. त्यातूनही फरक उरला तर तो क्रमांक आणि स्क्रीनशॉट जोडून साइटला लिहा. ‘चार झ्यूस आले होते, मी डोळ्यांनी पाहिले’ एवढ्या साक्षीवर तिकडे कुणी हलत नाही.